एकतीस नंबरचा डावखुरा: एड ओ'बॅननची कारकीर्द आणि त्याचा खटला

३ एप्रिल १९९५. सिएटलच्या किंगडोम स्टेडियममध्ये यूसीएलए आणि आर्कान्सा या दोन विद्यापीठांच्या संघांचा कॉलेज बास्केटबॉलचा अंतिम सामना. यूसीएलएचा पॉइंट गार्ड टायस एडनी याचं मनगट दोन दिवसांपूर्वी उपांत्य सामन्यात दुखावलं होतं. अंतिम सामन्यात तो तीन मिनिटंही टिकला नाही. हातात चेंडू ठरेना, तेव्हा बाहेर येऊन बसला. समोर आर्कान्सा, म्हणजे गतविजेता. मैदानभर अंगावर येऊन चेंडू हिसकावणारा संघ म्हणून त्यांची दहशत. अशा संघापुढे चेंडू घेऊन येणारा मुख्य गडीच बाहेर. त्या रात्री कॉलेजचं पाचवं वर्ष काढणाऱ्या एड ओ'बॅननने ३० गुण केले, १७ रिबाउंड घेतले, म्हणजे हुकलेल्या फेकींचे परतलेले चेंडू पकडले, आणि यूसीएलएने सामना ८९-७८ असा जिंकला. विद्यापीठाचं हे अकरावं विजेतेपद. आधीची दहाही प्रशिक्षक जॉन वुडन यांच्या कारकिर्दीतली, शेवटचं १९७५ चं. वीस वर्षांचा उपास सुटला.

त्या महिन्यात ओ'बॅनन म्हणजे कॉलेज बास्केटबॉलमधलं सगळ्यात चलनी नाणं होतं. अंतिम टप्प्याचा सर्वोत्कृष्ट खेळाडू तोच, आणि वर्षातल्या सर्वोत्कृष्ट कॉलेज खेळाडूला मिळणारा जॉन वुडन पुरस्कारही त्यालाच. पदरात काय पडलं? शिष्यवृत्ती: फी, खोली, जेवण, पुस्तकं. खेळाच्या नावावर त्यापलीकडे काही घ्यायला नियमाने बंदी. जाहिरात करायची नाही, सहीचे पैसे घ्यायचे नाहीत, जर्सीच्या विक्रीत वाटा मागायचा नाही.

चौदा वर्षांनी याच माणसाने अमेरिकेतल्या कॉलेज खेळांच्या शिखर संस्थेला, एनसीएएला, कोर्टात खेचलं. त्याच्याबद्दल लिहिणारे बहुतेक जण एकतर एनबीएत, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमध्ये, न चाललेला खेळाडू म्हणून लिहितात, नाहीतर गाजलेल्या खटल्याचा वादी म्हणून. मला या दोन गोष्टी वेगळ्या काढता येत नाहीत. त्याची कारकीर्द ज्या क्रमाने घडली, त्या क्रमातच खटल्याचं बीज आहे.

आपल्या वाचकासाठी एक खुलासा आधीच करतो. आपल्याकडे आंतरविद्यापीठ स्पर्धेचा अंतिम सामना कुठे झाला, हे त्याच विद्यापीठातल्या मुलांना विचारलं तरी सांगता येणार नाही. अमेरिकेत कॉलेज बास्केटबॉलची मार्च महिन्यातली बाद फेरीची स्पर्धा हा राष्ट्रीय सण आहे. १९९१ पासूनच्या सात हंगामांच्या प्रक्षेपणासाठी सीबीएसने एनसीएएला १ अब्ज डॉलर कबूल केले होते. ओ'बॅननची पाचही वर्षं याच करारात बसतात.

गुडघा

ओ'बॅननचा जन्म १९७२ चा, लॉस एंजेलिसचा. लेकवुडच्या आर्टिशिया हायस्कूलकडून खेळताना १९९० साली तो देशातल्या शाळकरी खेळाडूंत अगदी पहिल्या रांगेत होता. सहा फूट आठ इंच उंची, डावखुरा, आणि उंचीच्या मानाने पाय कमालीचे हलके. त्याने आधी लास व्हेगसच्या यूएनएलव्ही विद्यापीठाला शब्द दिला होता. त्या वर्षीचे विजेते तेच. पण एनसीएएने यूएनएलव्हीवर कारवाईचा बडगा उगारला आणि हा मुलगा घराजवळच्या यूसीएलएत आला. त्याने कुठल्या मैदानावर खेळायचं, इथपासूनच एनसीएएचा हात होता असं म्हणायला हरकत नाही.

ऑक्टोबर १९९०. हंगाम अजून सुरूही झाला नव्हता. पोरं आपापसात खेळत होती आणि त्यात ओ'बॅननचा डावा गुडघा गेला. आतलं क्रुसिएट लिगामेंट फाटलं. शस्त्रक्रियेत मृत दात्याच्या शरीरातून घेतलेला पट्टा त्या जागी बसवला. पहिला हंगाम पूर्ण गेला. दुसऱ्यात तो बहुतेक वेळ बाकावरच होता, सामन्यामागे सरासरी चार गुणही नाहीत. पुढचे तीन हंगाम मात्र चढत्या भाजणीचे: १६.७, मग १८.२, मग २०.४.

या आकड्यांकडे बघून 'जिद्दीची कहाणी' लिहिणं सोपं आहे, आणि अमेरिकेत ती पुष्कळ लिहिली गेली. मला त्यात दुसरंच दिसतं. गुडघा फाटण्यापूर्वीच्या ओ'बॅननला एक-दोन वर्षांत व्यावसायिक लीगचं दार उघडलं असतं. गुडघ्याने त्याला पाच वर्षं कॉलेजात धरून ठेवलं. खेळाडूचं भांडवल भाजीवाल्याच्या पाटीसारखं असतं. संध्याकाळपर्यंत खपलं तर खपलं. ओ'बॅननचा माल सगळ्यात ताजा होता ती पाच वर्षं अशा बाजारात गेली, जिथे त्याने काही विकणं हाच गुन्हा होता.

जाता जाता, त्या बाजाराचे नियम किती बारकाईने आखलेले होते त्याचा एक नमुना. यूसीएलएला ते विजेतेपद मिळवून देणारे प्रशिक्षक जिम हॅरिक यांना विद्यापीठाने पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर १९९६ मध्ये, काढून टाकलं. कारण एक जेवणाचं बिल. संघात येऊ घातलेल्या शाळकरी मुलांना त्यांनी जेवायला नेलं होतं, आणि टेबलावर संघातले खेळाडू नियमात बसतात त्यापेक्षा जास्त होते. ते झाकायला हॅरिकनी खर्चाच्या कागदावर हजर असलेल्यांची नावं खोटी लिहिली. विद्यापीठाचं म्हणणं असं की नोकरी गेली ती खोटेपणासाठी. ते खरंही असेल. पण पाहुण्या मुलांबरोबर संघातली किती मुलं जेवली, हे मोजणारी यंत्रणा होती, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

१२८ सामने

एनबीएच्या १९९५ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्या निवडीत, न्यू जर्सी नेट्सने त्याला नवव्या क्रमांकावर उचललं. दोन हंगाम, आधी नेट्स आणि मग डॅलस मॅव्हरिक्स. एकूण १२८ सामने, सरासरी पाच गुण, आणि एनबीए संपलं. आतल्या दांडगटांशी भिडायला तो सडपातळ होता आणि बाहेरच्या चपळ गड्यांमागे धावायला गुडघा साथ देत नव्हता. मग इटली, स्पेन, ग्रीस, अर्जेंटिना, पोलंड. २००३ मध्ये पोलंडच्या व्लोत्सवावेक शहराच्या संघाबरोबर तिथली लीगही जिंकली. २००४ मध्ये, बत्तिशीत, थांबला.

त्यानंतर लास व्हेगसजवळच्या हेंडरसनमध्ये गाड्यांच्या शोरूममध्ये नोकरी. बायको-मुलं, शोरूम, संध्याकाळी मुलांच्या मॅचेस. अपुरी राहिलेली पदवी २०११ मध्ये पूर्ण केली, तीही यूएनएलव्हीतून.

पडद्यावरचा माणूस

खटल्याची ठिणगी पडली ती एका मित्राच्या घरी. मित्राचा मुलगा ईए स्पोर्ट्सचा कॉलेज बास्केटबॉलचा व्हिडिओ गेम खेळत होता. त्या गेममध्ये जुन्या गाजलेल्या संघांची सोय होती आणि मुलाने १९९५ चा यूसीएलए निवडला होता. पडद्यावर टक्कल केलेला, उंच, ३१ नंबरची जर्सी घातलेला, डाव्या हाताने चेंडू टाकणारा फॉरवर्ड. नाव कुठेच नाही. पण ती फेक, ती चाल, तो हात, सगळं ओळखीचं. ओ'बॅननने पुढे अनेकदा सांगितलं आहे की पहिल्यांदा त्याला मौज वाटली. मग मित्र हसत म्हणाला, आम्ही या गेमचे पैसे मोजले, तुला मात्र दमडी मिळाली नाही. तेव्हा मौज ओसरली.

नाव नाही, पण डावा हात आहे. या प्रकरणातला सगळ्यात बोलका तपशील मला हाच वाटतो. नाव घातलं असतं तर नियम उघड मोडला असता, म्हणून नाव गाळलं. डावा हात गाळला असता तर गेम विकत घेणाऱ्याला तो ओ'बॅनन वाटला नसता, म्हणून हात ठेवला. कशाला किंमत आहे हे बनवणाऱ्यांना पक्कं ठाऊक होतं.

एकट्या ओ'बॅननला हे झेपलं नसतं. त्याच्या मागे सॉनी वॅकारो उभे राहिले. हे गृहस्थ आधी नायकी, मग आदिदास, मग रीबॉकमध्ये होते, आणि बुटांच्या कंपन्यांचा पैसा कॉलेज प्रशिक्षकांपर्यंत पोचवणाऱ्या व्यवस्थेचे ते एक शिल्पकार. ज्यांनी नदी वळवली त्यांनीच पुढे पुराबद्दल तक्रार करावी, तसं हे. त्यांच्या हेतूवर शंका घेणारे तेव्हाही होते. पण खटल्यासाठी त्यांनी मानधन घेतलं नाही, आणि पैसा कोणत्या पाटाने वाहतो हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत नव्हतं. वकील मायकल हाउसफेल्ड. २१ जुलै २००९ रोजी उत्तर कॅलिफोर्नियाच्या संघराज्य न्यायालयात दावा दाखल झाला. त्याच्या दोन महिने आधी सॅम केलर या अमेरिकन फुटबॉलच्या माजी कॉलेज खेळाडूने व्हिडिओ गेमवरूनच वेगळा दावा लावला होता; काही काळ दोन्ही एकत्र चालले. २०११ मध्ये बिल रसेल आणि ऑस्कर रॉबर्टसन ही बास्केटबॉलमधली दोन दैवतं वादींच्या यादीत आली आणि प्रकरणाचं वजनच बदललं.

'रिंग'

दाव्याचा कायदेशीर गाभा १८९० च्या शेरमन कायद्यात आहे. व्यापारात स्पर्धकांनी आपसात संगनमत करून भाव ठरवू नये, असा हा कायदा. आपल्या बाजार समित्यांत कांद्याच्या लिलावाला व्यापाऱ्यांनी 'रिंग' केली असं म्हणतात, तोच प्रकार. शेकडो विद्यापीठं एरवी एकमेकांशी जीव तोडून स्पर्धा करतात: खेळाडूसाठी, प्रशिक्षकासाठी, तिकिटांसाठी. खेळाडूच्या नावाचा आणि चेहऱ्याचा भाव काय, यावर मात्र सगळ्यांचं एकमत: शून्य. ओ'बॅननच्या वकिलांचं म्हणणं, ही रिंग आहे.

एनसीएएचं उत्तर एका शब्दात सांगायचं तर 'हौशी'. हे व्यावसायिक खेळाडू नव्हेत, 'विद्यार्थी-खेळाडू' आहेत; प्रेक्षक कॉलेजचा खेळ बघायला येतात ते याच निर्भेळपणासाठी; पैसे दिले तर ते येणं बंद करतील. हा युक्तिवाद अगदीच पोकळ होता असं मी म्हणणार नाही. आपल्या गावच्या तालमीतला पोरगा आणि विकत आणलेला पैलवान यांत प्रेक्षक फरक करतोच. पण 'विद्यार्थी-खेळाडू' या शब्दाची जन्मकथा वेगळी आहे. १९५० च्या दशकात जायबंदी झालेल्या खेळाडूंनी आणि त्यांच्या कुटुंबांनी कामगार म्हणून भरपाई मागू नये, यासाठी एनसीएएने तो रूढ केला. हे उघड कुणी केलं? एनसीएएचे अनेक दशकांचे प्रमुख वॉल्टर बायर्स यांनीच, निवृत्तीनंतर. साल १९९५, ओ'बॅननच्या विजेतेपदाचंच.

सुनावणीपूर्वी दोन मोठ्या गोष्टी घडल्या. ईए आणि परवान्यांचं काम बघणारी कंपनी यांनी ४ कोटी डॉलर देऊन काढता पाय घेतला; केलरच्या दाव्यात एनसीएएनेही २ कोटी मोजले. कॉलेज फुटबॉलचा गेम २०१३ नंतर बंद पडला. दुसरी गोष्ट वादींच्या विरोधात गेली. न्यायाधीश क्लॉडिया विल्केन यांनी नोव्हेंबर २०१३ मध्ये सामूहिक दावा मान्य केला, पण फक्त नियम बदलून मागण्यापुरता. मागची नुकसानभरपाई मागायला त्यांनी समूह म्हणून परवानगी दिली नाही. पुढे वादींनी वैयक्तिक भरपाईचीही मागणी सोडली, म्हणजे ज्युरीविना थेट न्यायाधीशांपुढे सुनावणी व्हावी. इथून पुढे ओ'बॅनन जिंकला तरी त्याला स्वतःला काही मिळणार नव्हतं. बातम्यांत ही ओळ बहुधा तळाशी असायची.

९ जून २०१४ रोजी ओकलंडमध्ये सुनावणी सुरू झाली. पहिला साक्षीदार ओ'बॅनन. आठवड्याचे ४० ते ४५ तास बास्केटबॉलला जात, असं त्याने सांगितलं. विषय इतिहास घेतला तो सरावाच्या वेळापत्रकात बसला म्हणून. आपण विद्यार्थ्याचं सोंग घेतलेला खेळाडू होतो, अशा अर्थाचं त्याचं वाक्य दुसऱ्या दिवशी सगळीकडे छापून आलं.

पाच हजारांची गोष्ट

८ ऑगस्ट २०१४ ला निकाल लागला, ९९ पानांचा. एनसीएएचे नियम शेरमन कायद्याचा भंग करतात, असं विल्केन यांनी म्हटलं. 'हौशी'ची व्याख्या एनसीएएने वर्षानुवर्षं सोयीने बदलली आहे, हेही त्यांनी दाखवून दिलं. टेनिसपटू कॉलेजात येण्यापूर्वी वर्षाला १० हजार डॉलरपर्यंत बक्षिसं घेऊ शकत होता आणि तरी हौशी राहत होता. धावपटूला ती मुभा नव्हती. मग हौशीपणा खेळागणिक बदलतो का?

उपाय म्हणून दोन गोष्टी. एक, शिष्यवृत्तीत शिक्षणाचा पूर्ण खर्च, म्हणजे प्रवास आणि किरकोळ खर्चासकट, देऊ द्यावा. दोन, नाव-चेहऱ्याच्या वापरापोटी दर वर्षी ५ हजार डॉलरपर्यंत रक्कम विश्वस्त निधीत ठेवू द्यावी. ती खेळाडूला कॉलेज सोडल्यावर मिळेल.

हा ५ हजारांचा आकडा आला कुठून? एनसीएएच्याच एका साक्षीदाराकडून. सीबीएस स्पोर्ट्सचे माजी अध्यक्ष नील पिल्सन यांना उलटतपासणीत विचारलं की किती पैसे दिले तर प्रेक्षक बिथरतील? त्यांच्या उत्तराचा आशय असा की दहा लाख दिले तर मला खटकेल, पाच हजारांनी खटकणार नाही. बस, एवढंच. ओघात निघालेलं हे वाक्य निकालाचा पाया झालं.

आणि तिथेच तो पाया खचला. ३० सप्टेंबर २०१५ रोजी नवव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने कायदाभंगाचा निष्कर्ष तिन्ही न्यायाधीशांच्या एकमताने कायम ठेवला, पण ५ हजारांची तरतूद २ विरुद्ध १ मतांनी उडवली. शिक्षणाशी निगडित खर्च देणं वेगळं आणि शिक्षणाशी संबंध नसलेली रोख रक्कम देणं वेगळं, असं बहुमतातर्फे न्यायमूर्ती बायबी यांनी लिहिलं. पिल्सन यांच्या ओझरत्या विधानावर एवढा भार टाकता येणार नाही, असंही बजावलं. मुख्य न्यायमूर्ती सिडनी थॉमस यांचं मत उलट पडलं. ३ ऑक्टोबर २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही बाजूंच्या विनंत्या फेटाळल्या आणि प्रकरण मिटलं.

मला बायबींचं म्हणणं पुराव्याच्या अंगाने बरोबर वाटतं आणि तर्काच्या अंगाने लंगडं. संगनमत झालं हे मान्य, त्यातून भाव शून्यावर पाडला हेही मान्य. मग शून्य तसंच ठेवायचं कशाच्या आधारावर? रिंग सापडली तर बाजार खुला करतात, 'भाव शून्यच राहू द्या, फक्त गाडीभाडं वाढवा' असं कुणी म्हणत नाही. विल्केन यांची चूक एवढीच की त्यांनी आकडा सांगितला. आकडा सांगितला की त्याचा हिशेब मागितला जातो.

पूर्ण खर्चाची तरतूद टिकली, पण तोवर पाच बड्या परिषदांनी, म्हणजे विद्यापीठांच्या गटांनी, जानेवारी २०१५ मध्ये ७९ विरुद्ध १ मतांनी ती स्वतःहून स्वीकारली होती. म्हणजे कागदावर पाहिलं तर सात वर्षांच्या खटल्यातून खेळाडूंच्या हाती लागलं ते वर्षाला काही हजार डॉलर, तेही विरोधकांनी आधीच देऊ केलेले. वकिलांचा खर्च म्हणून एनसीएएला ४ कोटी डॉलरच्या वर भरावे लागले. ओ'बॅननला काही नाही.

पण एनसीएएचे नियम शेरमन कायद्याच्या कक्षेत येतात, हे एकदा लिहून झालं होतं. पुढचे वादी तिथूनच सुरुवात करत गेले. सप्टेंबर २०१९ मध्ये कॅलिफोर्नियाने खेळाडूंना स्वतःचं नाव वापरून कमवू देणारा कायदा केला. २१ जून २०२१ रोजी दुसऱ्या एका माजी कॉलेज खेळाडूच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ऑल्स्टन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ९-० असा निकाल एनसीएएविरुद्ध दिला, आणि १ जुलैपासून एनसीएएने नाव-चेहऱ्याची बंदी उठवली. तो पिल्सन यांना न खटकणारा पाच हजारांचा आकडा नामवंत खेळाडू आता एका जाहिरातीत ओलांडतात. ईएचा कॉलेज फुटबॉलचा गेम जुलै २०२४ मध्ये परत आला; त्यात दिसायला तयार झालेल्या प्रत्येक खेळाडूला ६०० डॉलर आणि गेमची एक प्रत. आता नावंही खरी.

६ जून २०२५ रोजी विद्यापीठांना खेळाडूंना थेट पैसे देता यावेत, अशी तडजोड मंजूर झाली. पहिल्या वर्षी एका विद्यापीठाला सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत वाटता येतील, शिवाय मागची भरपाई म्हणून सुमारे २.८ अब्ज डॉलर दहा वर्षांत. सही क्लॉडिया विल्केन यांचीच. भरपाई २०१६ पासून पुढे खेळलेल्यांना आहे. १९९५ चे खेळाडू त्यात बसत नाहीत.